जिला सुतक नव्हते



या पानावर मी आपल्याला कधी हरभऱ्याच्या घाटेअळीविषयी, कधी ज्वारीच्या कोळपणीविषयी, तर कधी शेणखत चांगले कसे कुजवावे याविषयी सांगत आलो आहे. आज शेतीचे काही सांगायचे नाही असे ठरवून लिहायला बसलो होतो. पण ही गोष्टही शिवारातच सुरू होते, त्यामुळे शेतीला सोडून तीही सांगता येत नाही.

२०२४ चा मार्च महिना. पीक कापणी प्रयोगासाठी मी मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात गेलो होतो. आदल्या वर्षी, म्हणजे २०२३ साली, पाऊस कमी पडलेला. भारी जमिनीतली ज्वारी कशीबशी छातीला लागत होती आणि हलक्या रानातली मांडीएवढी होऊनच निसवली होती. बायका पात धरून ज्वारी उपटत होत्या. आमचे मोजमाप झाले, कणसे वजनाला गेली आणि मी बांधावरच्या बाभळीखाली पाणी प्यायला बसलो. तेव्हा त्या बायकांतली एक पदराने तोंड पुसत जवळ आली आणि म्हणाली, "सायेब, तुमी आबांकडं यायचा न्हवं? मी त्यांच्याकडं व्हते. अडीच वर्सं."

मी म्हटले, "कसे आहेत आबा?"

बाई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमाला ठावं न्हाय व्हय? तेरा-चौदा दिस झालं की."

मंडळी, त्या क्षणी मला जी शरम वाटली ती अजून उतरलेली नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

आबा कोण, हे आधी सांगतो. आमच्या खात्याच्या कागदावर ज्यांना 'प्रगतिशील शेतकरी' म्हणतात, त्यांपैकी ते एक. पण ही पदवी त्यांना दिली काय आणि न दिली काय, सारखेच होते. ऐन जवानीत, १९७२ च्या दुष्काळात, त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली होती. त्या खडीने बोट चेचून वाकडे झाले होते, ते शेवटपर्यंत तसेच राहिले. २००३ च्या दुष्काळात मी त्यांना प्रथम भेटलो. तेव्हा मी नोकरीत नवा होतो. रब्बी ज्वारी दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवून पेरावी, हेक्टरी १० किलो बी पुरे होते, तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपावे, असे सारे मी त्यांना घडाघडा सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सायेब, तुमचं खरं हाय. पन ज्वारी दोघांसाठी पेरायची असती. दाना मानसाला, कडबा जनावराला. तुमी दान्याचंच सांगितलंत." त्या साली सोलापूर जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. आबांच्या दावणीचे एकही जनावर छावणीत गेले नाही, कारण त्यांची मागल्या वर्षाच्या कडब्याची गंज शिल्लक होती. कृषीची पदवी मी राहुरीला घेतली खरी, पण तिचा अर्धा अर्थ मला त्या गंजीखाली बसून कळला.

घरच्या मालदांडीशेजारी चार ओळी गूळभेंडीच्या, हुरड्यासाठी, हे त्यांचे ठरलेले. त्या चार ओळींचे बी ते कुणाकडून घेत नसत. स्वतः कणसे निवडायची, वेगळी वाळवायची आणि मडक्यात राखेत ठेवायची. दर साली पुसात माझ्या घरी निरोप यायचा, "हुरडा आलाय."

वारे गेले

२०२१ च्या श्रावणात एका सकाळी आबा बाजेवरून उठायला गेले आणि उजव्या अंगावर कोसळले. तोंड वाकडे झाले, वाचा गेली. आपल्याकडे याला 'अंगावरून वारे जाणे' म्हणतात. नाव असे पडले म्हणून उपायही तसेच सुचतात. कुणी म्हणाले, अमक्या गावचा झाडपाला द्या. कुणी म्हणाले, कबुतराचे रक्त चोळा. त्यात दीड दिवस गेला. तिसऱ्या वेळी ते दवाखान्यात पोचले, तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

येथे मला थांबून सांगितलेच पाहिजे. हे वारे नसते. मेंदूला रक्त नेणारी शीर गुठळीने बंद होते किंवा फुटते. शीर गुठळीने बंद झाली असेल, तर ती गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते. पण ते साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. आणि त्याआधी डोक्याचे छायाचित्र काढावे लागते, म्हणजे मोठ्या दवाखान्यातच जायला हवे. तोंड एका बाजूला ओढले, हात वर धरता येईना, बोबडी वळली, यांतले एक जरी दिसले तरी घड्याळ बघा आणि १०८ ला फोन लावा. ही गाडी २०१४ पासून महाराष्ट्रभर आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. वाफसा गेल्यावर पेरलेले बी उगवत नाही, हे ज्यांना सांगावे लागत नाही, त्यांना वेळेची किंमत मी काय सांगावी!

आबा वाचले; पण उजवे अंग गेले आणि बोलणे गेले. घरात मुलगा आणि सून. मुलाला शेत आणि दुधाचा धंदा, सुनेला दोन शाळकरी पोरे, गोठा, चूल. वाईट माणसे नव्हेत, पण हात कमी. तेव्हा त्यांनी गावातल्याच एका बाईला ठेवले. सगळे गाव तिला अक्का म्हणते, मीही तेच म्हणतो. नवरा लवकर गेलेला, रान नाही, मुलगी दिलेली. तरुणपणी पंढरपूरच्या एका दवाखान्यात 'मावशी' म्हणून काही महिने काम केलेले, एवढेच काय ते शिक्षण. महिन्याला सात हजार रुपये आणि दोन वेळचे जेवण. सकाळी सहाला यायचे आणि आबांना रात्री झोपवून जायचे.

अडीच वर्षांत आबांच्या पाठीला एक जखम झाली नाही. आपल्यापैकी ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेले माणूस पाहिले असेल, त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल. मी अक्कांना विचारले, हे कसे साधले? त्या म्हणाल्या, "त्यात काय! कूस बदलायची. दर दोन तासानं. घड्याळ न्हाय बघायचं, गोठ्याकडं बघायचं. गुरांना पानी, तवा एकदा. वैरन, तवा एकदा. रातच्याला दादा उठून बदलायचे, त्यांच्याकडनं मी कबूल करून घेतलं व्हतं."

ऐकायला सोपे वाटते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर या ठिकाणी हाडाचा भार कातड्यावर पडतो आणि तिथले रक्त अडते. आधी लाल डाग दिसतो. बोटाने दाबले असता तो पांढरा पडला नाही, तर समजावे की जखम आत सुरू झाली. तो भाग चोळू नये, चोळल्याने आतले आणखी बिघडते. त्यावरचा भार तेवढा काढावा. अक्का रोज अंघोळीच्या वेळी आबांची पाठ उजेडाकडे करून बघत. चादरीला चुणी राहू देत नसत, ओले कापड क्षणभर ठेवत नसत. उठवताना कुणी लुळा हात धरून ओढू लागले तर त्यांच्या अंगावर ओरडत, कारण त्या हाताचा खांदा निखळायला वेळ लागत नाही. टाचांखाली जुन्या वाकळेची गुंडाळी असे, तीही टाच अधांतरी राहील अशी.

जेवणाचे तर सांगावे तेवढे थोडे. अशा माणसाचे गिळणे बिघडते. घास अन्ननळीऐवजी श्वासाच्या वाटेने जातो, आणि पातळ पाणी हे घट्ट पेजेपेक्षा जास्त घातकी. आबांना भिंतीशी टेकवून सरळ बसवायचे, हनुवटी जरा छातीकडे, अर्धा चमचा ज्वारीची पेज चांगल्या बाजूच्या गालात, मग थांबायचे. कंठ वर-खाली झालेला डोळ्यांनी बघायचा आणि मगच दुसरा चमचा. एक वाटी संपायला पाऊण तास. नंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. तोंडात काही उरले असेल तर बोटाला ओले फडके गुंडाळून काढायचे. दिवसातून तीन वेळा. अडीच वर्षे. मंडळी, मी हिशेब करायला बसलो आणि सोडून दिला.

लाभ, दोन, तीन

पण मला जे खरे सांगायचे आहे ते वेगळेच आहे.

आबांची वाचा गेली, म्हणून घरातल्यांनी हळूहळू त्यांच्याशी बोलणेच सोडले. हे मुद्दाम कुणी करत नाही. उत्तर येत नाही म्हणून प्रश्न थांबतात. मग त्या माणसासमोरच त्याच्याविषयी बोलणे सुरू होते: 'काल ताप होता', 'काही कळत नाही आता'. अक्का मात्र पहिल्या दिवसापासून बोलत राहिल्या. "मला एकटीला गप बसवत न्हाय, म्हनून बोलायची," असे त्या म्हणतात. त्यातूनच त्यांच्या ध्यानात आले, की आबांना सगळे कळते. बाहेर तेवढे येत नाही.

एकदा त्या सोप्यात बसून दळणासाठी मापट्याने ज्वारी मोजत होत्या. आपल्याकडे धान्य मोजताना 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. अक्कांनी पहिले मापटे ओतले आणि 'लाभ' म्हटले. दुसरे ओतले तेव्हा बाजेवरून स्पष्ट आवाज आला, "दोन." त्यांच्या हातातले मापटे तसेच राहिले. त्यांनी तिसरे ओतले. "तीन." तेरापर्यंत आबांनी मोजले. ज्या माणसाला मुलाचे नाव घेता येत नव्हते, पाणी मागता येत नव्हते, तो तेरापर्यंत मोजत गेला, आणि अक्का पोते रिकामे होईपर्यंत ओतत राहिल्या.

सुनेला वाटले, चमत्कार झाला. मुलगा पंढरपूरला नारळ फोडून आला. पुढे मी एका डॉक्टर मित्राला विचारले, तेव्हा त्याने उलगडा केला. विचार करून शब्द जुळवणे आणि पाठ झालेले आपोआप म्हणणे ही मेंदूची दोन निराळी कामे आहेत. पहिले गेले तरी दुसरे पुष्कळदा शिल्लक राहते. म्हणून अशी माणसे मोजू शकतात, भजनात सूर मिळवतात, 'राम कृष्ण हरी' म्हणतात, आणि 'तहान लागली' एवढे मात्र म्हणू शकत नाहीत. तेव्हा चमत्कार नव्हता. पण अक्कांनी त्याचा जो उपयोग केला, तो कुणाच्या पुस्तकात नसेल. रोज संध्याकाळी त्या मूठभर ज्वारी घेऊन बसायच्या आणि मापटे भरायच्या. "मोजताना त्यांचा चेहरा बदलायचा, सायेब. मालक व्हायचे ते."

आणखी एक सांगतो. २०२२ च्या सप्टेंबरात पेरणीचे दिवस आले. रान ओले होते, मुलाला घाई. अक्कांनी सकाळी येताना रानातले मूठभर ढेकूळ पदरात बांधून आणले आणि आबांच्या डाव्या हातात दिले. त्यांनी ते दाबले, गोळा झाला. अंगठ्याने मोडून पाहिला, मोडला नाही, नुसता दबला. त्यांनी मान हलवली, नाही. दुसऱ्या दिवशी परत. नाही. चौथ्या दिवशी गोळा झाला आणि अंगठा लावताच फुटला. आबांनी ढेकूळ खाली टाकले आणि हात दाराकडे केला. हीच वाफशाची परीक्षा मी शेतकरी मेळाव्यांत फळ्यावर चित्र काढून शिकवतो! मुलाने त्या दिवशी तिफण धरली. पुढच्या वर्षी, पाऊस ओढ देत होता तेव्हा, तो स्वतःच ढेकूळ घेऊन बापाजवळ येऊन बसला. अक्का सांगताना हसल्या, "मग मला तेवढं एक काम कमी झालं."

आता माझे. आबा पडले त्या दिवाळीत मी त्यांना भेटायला गेलो होतो. मला बघताच ते मोठ्याने रडू लागले. मी काही बोललो, ते आणखी रडले. मला वाटले, आपल्याला बघून यांना जुने दिवस आठवतात, त्रास होतो. मी दहा मिनिटांत उठलो आणि पुन्हा गेलो नाही. त्यांच्या घरावरून माझी महिन्यातून दोनदा तरी ये-जा. दर वेळी मनाशी म्हणायचो, नको, म्हाताऱ्याला उगीच त्रास. खरे सांगायचे तर त्रास मलाच होत होता.

अक्का म्हणाल्या, "ते रडनं आजाराचं असतंय. हसू आलं तरी रडायचे. नातवाचा पैला नंबर आला तवाबी रडले. पाच मिन्टं बसलं की थांबायचं." आणि मग जरा थांबून, "तुमच्या गाडीचा आवाज वळकायचे. दाराकडं बघायचे."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे काही नव्हते.

हुरडा

२०२४ च्या जानेवारीत गूळभेंडीच्या चार ओळी हुरड्याला आल्या. पाऊस कमी होता, तरी मुलाने त्या ओळींना दोन वेळा पाणी दिले होते. आगटी पेटली, कणसे भाजली. वास सोप्यापर्यंत आला. आबांनी डाव्या हाताने अक्कांचा पदर ओढला आणि अंगणाकडे बोट केले. मग तोंडाकडे. पुन्हा अंगणाकडे.

अक्कांनी नाही म्हटले. डॉक्टरांनी दाणेदार, चिकट काही द्यायचे नाही असे बजावलेले होते. हुरडा कोवळा असला तरी दाणाच तो. घशात अडकला किंवा छातीत उतरला तर घात. त्यांनी एक दाणा वाटून दुधात कालवून ओठाला लावला. आबांनी तोंड फिरवले. तीन दिवस ते अक्कांच्या हातचे नीट जेवले नाहीत.

फेब्रुवारीत त्यांना ताप आला, कफ दाटला. छातीत संसर्ग झाला होता. पाच दिवस दवाखान्यात काढून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले. पहाटे, कूस बदलण्याच्या वेळी, ते गेले. मुलगा जवळ होता. अक्का सहाला नेहमीसारख्या आल्या, तेव्हा अंगणात माणसे जमलेली.

दहाव्याला भीमेच्या काठी पिंड ठेवला. ठेवताच कावळा शिवला. लोक म्हणाले, भाग्यवान माणूस, कसली म्हणून इच्छा राहिली नाही. अक्का बायकांच्या मागे उभ्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "सगळे म्हनत व्हते, काय राहिलं न्हाय म्हनून. मला ठावं व्हतं काय राहिलंय ते. पन मी कोन बोलनार?" आणि मग त्यांनी मला सरळ विचारले, "सायेब, तुमी शिकल्यालं. मी दिला असता तर? जायाचंच व्हतं तर खाऊन गेले असते. मी चुकले का?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. डॉक्टर मित्राने नंतर सांगितले, बाईचे बरोबर होते. ते मी अक्कांना कळवलेही. त्या 'बरं' म्हणाल्या. त्या 'बरं'वरून मला कळले, की त्यांना ते आधीच माहीत होते आणि त्याने काही फरक पडत नाही.

आबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अक्का पुन्हा सहाला त्या घरी गेल्या. दारात पोचल्यावर त्यांना आठवले. सून म्हणाली, "आलात व्हय अक्का, बरं झालं, चहा घ्या." तोवर बाज बाहेर निघाली होती, हवेची गादी कुणा नातेवाइकाने मागून नेली होती. मुलाने महिन्यातल्या भरल्या दिवसांचा हिशेब केला, वर पाचशे रुपये आणि एक लुगडे दिले. यात कुणाचे काय चुकले? काहीच नाही. घरातल्यांना सुतक होते. भाऊबंदांना होते, ज्यांनी अडीच वर्षांत उंबरा ओलांडला नव्हता त्या पुण्याच्या चुलत्यांनाही होते. अक्कांना नव्हते. नाते नाही, गोत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी त्या रोजाने खुरपायला गेल्या. त्यांच्या दारात कुणी भाकरी घेऊन आले नाही, कारण त्यांच्या घरात कुणी गेले नव्हते.

ज्वारी उपटताना त्यांनी हे सांगितले, तेही मी विचारले म्हणून. मुकादम हाक मारीत होता.

तुम्हा सर्वांना माझी एक विनंती आहे, आणि ती खात्याची नव्हे, माझी स्वतःची आहे. आपल्या घरी अशी कुणी बाई किंवा गडी आजाऱ्याची सेवा करत असेल, तर त्याचा पगार तर वेळेवर द्याच, महिन्यातले दोन दिवस सुटीचेही ठरवून द्या. रात्रीची कूस घरातल्या कुणीतरी बदलावी, म्हणजे दिवसाची बदलणारे माणूस टिकेल. २०२१ पासून असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू आहे. ती झाली नसेल तर आपल्या मोबाइलवरून किंवा सुविधा केंद्रावर करून द्या. आणि आजारी माणूस गेले, तर दहाव्याला त्या व्यक्तीला बोलवा, पुढे उभे करा. त्यांना विचारा, काय राहिले होते.

ज्यांच्या घरी अशी बाई ठेवण्याची ऐपत नाही, त्यांनी गावच्या आशाताईंना आणि उपकेंद्रात विचारावे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. सगळीकडे सारखा पोचला आहे असे मी म्हणणार नाही, पण मागितल्याशिवाय तो आपल्या दारी येणारही नाही. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये काही डॉक्टरांनी, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या वेदना कमी करण्याचे काम सुरू केले. पुढे गावोगावचे लोक त्यात उतरले: शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी. ते नर्सबरोबर घरोघर जाऊ लागले. २००८ मध्ये त्या राज्याने या कामाचे धोरणच केले, आणि आज तिथल्या ग्रामपंचायती त्यात आहेत. आपल्याकडे दिंडीत हजारोंना जेवू घालणारी गावे आहेत. आठवड्यातून एकदा एका बाजेजवळ अर्धा तास बसणे त्यांना जड जाऊ नये. रडू आले तरी उठू नका, एवढे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

२०२५ च्या जानेवारीत आबांच्या मुलाचा मला निरोप आला, "हुरडा आलाय." मी गेलो. गूळभेंडीच्या चार ओळी होत्या. बी आबांच्या मडक्यातले, निवडलेले मात्र मुलाने. परतताना मी दोन मुठी हुरडा कागदात बांधून घेतला आणि अक्कांना शोधत गेलो. आता त्या पलीकडच्या वस्तीवर एका म्हातारीकडे असतात. मांडीचे हाड मोडून ती अंथरुणाला लागली आहे. अक्का तिची कूस बदलत होत्या. पुडी बघून त्यांनी ती आधी नाकाला लावली. मला वाटले, रडतील.

त्या म्हणाल्या, "या म्हातारीला दात हायत, सायेब." आणि एक चिमूट तिच्या तळहातावर ठेवली.